ध्यानाचा हिशेब

देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींच्या दफ्तरात, जमाखर्चातील एका पैची चूक शोधण्यासाठी तरुण एकनाथांनी सारी रात्र दिव्यापाशी बसून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजविली, ही आख्यायिका महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. ती बहुधा एकाग्रतेचा दाखला म्हणून सांगितली जाते. मला मात्र तिच्यातील दुसरीच गोष्ट अधिक मोलाची वाटत आली आहे. चूक शोधण्याचे श्रम सर्वस्वी एकनाथांचे होते आणि स्वामींनी त्यांत हात घातला नाही. परंतु ते मागे उभे राहून पाहत होते, आणि ज्या चित्ताला एका पैपायी तहानभूक उरली नाही ते चित्त आता परमार्थाकडे वळविण्याजोगे झाले आहे, हे एकनाथांच्या आधी स्वामींनी ओळखले. ध्यान आपले आपण शिकावे की गुरूपाशी बसून, या प्रश्नाचा विचार करताना ती रात्र मी नेहमी डोळ्यांपुढे ठेवतो.

ध्यानाची क्रिया ग्रंथावरून शिकता येत नाही, असे म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आसन कसे असावे, श्वासाकडे लक्ष कसे ठेवावे, भरकटलेले मन न चिडता माघारी कसे आणावे, हे पुस्तकांत स्वच्छ लिहिलेले असते, आणि तेवढ्या भांडवलावर मी स्वतः सहा वर्षे रोज पहाटे बसत होतो. आरंभी मनाची नुसती धावपळ होती. पुढे एक मऊ, उबदार स्तब्धता येऊ लागली, घटका कशा सरल्या ते कळेनासे झाले, आणि हीच ती शांती अशी माझी दृढ समजूत झाली. एका वृद्ध साधकांपाशी हे सारे मी सविस्तर निवेदन केले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "उठल्यावर बुद्धी लख्ख असते, की जड?" जड असते, हे उत्तर माझ्याच तोंडून निघाले, आणि सहा वर्षांची जी शिल्लक मी अभिमानाने बाळगली होती ती बव्हंशी निद्रेच्या खाती जमा आहे हे मला तत्क्षणी उमगले.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात जे नऊ अंतराय सांगितले आहेत, त्यांत स्त्यान, म्हणजे चित्ताचे जडत्व, आहे आणि भ्रांतिदर्शनही आहे. ते सूत्र मी कितीदा तरी वाचले होते! पण व्याधी किंवा आलस्य ही निदान आपल्या नावाने येतात. स्त्यान शांतीच्या वेषाने येते आणि भ्रांतिदर्शन ज्ञानाच्या. ज्या चित्तात दोष शिरला त्याच चित्ताकडे दोष ओळखण्याचीही मुखत्यारी राहिली, तर कीर्द लिहिणाऱ्यानेच तिची तपासणी करण्यासारखे होते. सारे सरदफ्तर चोख दिसते, आणि चूक तशीच राहते.

रमण महर्षींचे उदाहरण येथे हटकून पुढे केले जाते. १८९६ साली मदुरेत, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांना देहधारी गुरूवाचून अनुभव आला, हे खरेच आहे. परंतु ते ध्यान शिकले नाहीत. ते त्यांच्यावर कोसळले. शिकावे कसे हा प्रश्न आपल्यासारख्यांचा आहे. तुकोबांना बाबाजींनी उपदेश केला तो स्वप्नात, पण भंडाऱ्याच्या डोंगरावर ते एकटे बसत तेव्हाही पूर्वसंतांची वचने त्यांच्या पाठांत होती. आणि नामदेवांची तर प्रत्यक्ष विठ्ठलाशी सलगी, तरी गोरोबांच्या थापटणीखाली ते कच्चे ठरले आणि त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले, असे परंपरा सांगते.

गुरू आणखी एक गोष्ट करतो, जी ग्रंथाला कधीच साधत नाही: तो येणाऱ्याचा हेतू विचारतो. ब्रह्मदेश १९४८ साली स्वतंत्र झाल्यावर त्याचे पहिले महालेखापाल झालेले सयाजी ऊ बा खिन हे विपश्यनेचे आचार्य होते. हिशेबाच्या अधिकारपदावरील गृहस्थानेच ध्यान शिकवावे, हा देवगिरीशी जुळणारा योग मला हृद्य वाटतो. १९५५ च्या सुमारास सत्यनारायण गोएंका अर्धशिशी बरी व्हावी म्हणून त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यांनी प्रथम साफ नकार दिला. व्याधिनिवारण हा या साधनेचा हेतू नव्हे, चित्तशुद्धी हा आहे, हे पटल्यावरच त्यांना घेतले. तेच गोएंका चौदा वर्षे त्यांच्यापाशी शिकून १९६९ मध्ये भारतात आले, आणि पुढे इगतपुरीला धम्मगिरी उभी राहिली. पुस्तक ज्याच्या त्याच्या हाती निमूट उघडते. एखाद्याला दारातून परत पाठविण्याची करुणा त्याच्या ठायी नसते.

गुरूच्या नावाखाली जे शिष्याची विवेकबुद्धीच गहाण मागतात, त्यांची बाजू मी घेत नाही. समर्थांनी दासबोधात गुरुलक्षणांसाठी स्वतंत्र समास खर्ची घातला तो याचसाठी, की पारख आधी व्हावी आणि नमस्कार मागून. एकनाथांची चूक जो त्यांच्या हातातून काढून घेऊन स्वतःच दुरुस्त करता, तो जनार्दनस्वामी नसता.

म्हणून एकट्याने बसणाऱ्या वाचकाला माझी विनंती आहे की त्याने बसणे सोडू नये; मात्र ज्याच्या आचरणात धीर दिसतो आणि ज्याला आपल्याकडून काही नको आहे, असा एखादा जाणता शोधून वर्षातून एकदा तरी त्याच्यापाशी जावे, आणि बसल्यावर काय घडते ते काहीही न सजवता त्याला सांगावे.