प्रतिकृतीचे प्रामाण्य

आपल्या महसुली दप्तराच्या भाषेत ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा एक शब्दप्रयोग आहे. उताऱ्याच्या तळाशी तो लिहून त्याखाली सही-शिक्का पडला, की ती नक्कल ‘खरी नक्कल’ ठरते. या शब्दांत काही विसंगती आहे असे ते वापरणाऱ्याला कधी वाटलेले नाही. समीक्षेच्या भाषेत मात्र ‘अस्सल’ आणि ‘नक्कल’ हे परस्परांना छेद देणारे शब्द होऊन बसले आहेत. जे अस्सल ते मूल्यवान आणि जी नक्कल ती मूल्यहीन, हे समीकरण आपण इतके गृहीत धरलेले असते, की अस्सलपणा हा वस्तूच्या अंगचा गुण आहे की वस्तूविषयी दिलेल्या साक्षीचा, हा प्रश्नच उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात हा प्रश्न विचारायचा आहे. त्यासाठी प्रारंभी घेतलेले उदाहरण वाङ्मयाच्या परिघाबाहेरचे आणि काहीसे अनपेक्षित आहे : काळ्या दारूवर चालणाऱ्या एकोणिसाव्या शतकातील रिव्हॉल्व्हरांच्या आधुनिक प्रतिकृती. चित्राच्या नकलेविषयी सौंदर्यशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु चित्र टांगून पाहायचे असते, रिव्हॉल्व्हर चालते. मूळ वस्तू जे करते तेच प्रतिकृतीही करते, अशा ठिकाणी अस्सलपणाचा प्रश्न अधिक अवघड होतो आणि म्हणूनच तो विचारण्याजोगा आहे.

कोल्ट कंपनीचे १८५१ चे ‘नेव्ही’ रिव्हॉल्व्हर हा या जातीचा सर्वांत प्रसिद्ध नमुना होय. ठासणीच्या बंदुकीचेच तत्त्व यात सहा कप्प्यांत विभागलेले आहे. प्रत्येक कप्प्यात दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवून ती नळीखालच्या दांड्याने दाबून बसवायची आणि कप्प्याच्या मागच्या टोकाला तांब्याची टोपी चढवायची. १८७३ पर्यंत अमेरिकेतील हार्टफर्डच्या कारखान्यात अशी सुमारे दोन लाख पंधरा हजार रिव्हॉल्व्हरे तयार झाली. लंडनच्या कारखान्यात तयार झाली ती निराळीच. १८५७ च्या उठावात इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्ट किंवा अ‍ॅडम्स बनावटीचे रिव्हॉल्व्हर असे, त्यामुळे ही वस्तू आपल्या इतिहासालाही परकी नाही. या रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या दंडगोलावर एका आरमारी लढाईचे चित्र आहे : १६ मे १८४३ रोजी कांपेचे येथे टेक्ससच्या आणि मेक्सिकोच्या जहाजांत झालेली लढाई. ऑर्म्सबी या कारागिराने ते एकदाच कोरले आणि पुढे साच्याच्या दाबाने ते हजारो दंडगोलांवर उमटवले गेले. म्हणजे संग्राहक ज्याला ‘मूळ’ म्हणतात, त्याच्यावरचे चित्रही एक ठसाच आहे. दोन लाखांतील कोणते एक मूळ मानावे? वॉल्टर बेंजामिनने १९३० नंतरच्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीभोवतीचे वलय विरते असे म्हटले. येथे वस्तू जन्मतःच वलयहीन होती आणि तिचे वलय नंतर, तिच्या भावंडांची संख्या घटत गेल्यावर, तिला प्राप्त झाले.

१९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी जवळ आली तेव्हा, या रिव्हॉल्व्हरांच्या प्रतिकृती इटलीतील गार्दोने व्हाल त्रोंपिया या गावी होऊ लागल्या. शस्त्रे घडवणे हा त्या खोऱ्याचा शतकानुशतकांचा व्यवसाय. तेथील उबेर्ती ही पेढी १९५९ मधील. इटलीच्या कायद्यानुसार प्रत्येक शस्त्र सरकारी चाचणीगृहात तपासले जाते आणि त्यावर चाचणीचा छाप व वर्षाचे सांकेतिक चिन्ह उमटवले जाते. म्हणजे प्रतिकृतीच्या अंगावरच तिचे जन्मस्थान आणि जन्मवर्ष लिहिलेले असते. तलाठ्याच्या सहीपेक्षा हे काही वेगळे नव्हे. ती वस्तू स्वतःच म्हणत असते, की मी अमुकाची नक्कल आहे, अमुक साली झालेली आहे.

गंमत पुढे आहे. १९७१ पासून खुद्द कोल्ट कंपनीने आपल्या नावाने ही जुनी रिव्हॉल्व्हरे पुन्हा विक्रीस आणली. त्यांचे सुटे भाग इटलीतून येत आणि अमेरिकेत त्यांच्यावर अखेरचा हात फिरवला जाई. काही नमुन्यांना दिलेले अनुक्रमांक एकोणिसाव्या शतकातील मालिका जिथे थांबली होती त्याच्या पुढचे होते. या वस्तूला काय म्हणावे? नाव खरे आहे, कारण नाव देण्याचा अधिकार असणाऱ्यानेच ते दिले आहे. घडण इटलीतील प्रतिकृतीचीच आहे. अनुक्रमांक मात्र असे सुचवतो, की मधली शंभर वर्षे घडलीच नाहीत. माझ्या मते येथे लबाडी नाही, पण साक्ष थोडी पातळ झाली आहे. गार्दोनेचा छाप मिरवणारी साधी प्रतिकृती या एका बाबतीत अधिक सत्यवचनी ठरते.

खरा नैतिक प्रश्न त्यानंतर सुरू होतो. प्रतिकृती विकत घेऊन तिच्यावरचा इटालियन छाप कानशीने घासून काढायचा, निळसर झिलई उतरवायची, आम्ल लावून गंज आणायचा, लाकडी मुठीवर खरचटे पाडायचे, असा उद्योग केला जातो. ऐतिहासिक वेषात लढाया वठवणाऱ्या हौशी मंडळींत तो उघडपणे चालतो. आपल्या पोशाखाशी शस्त्र विसंगत दिसू नये एवढाच त्यांचा हेतू असतो. पण तीच वस्तू दोन हात बदलून तिसऱ्याकडे गेली, की ती ‘मूळ’ म्हणून विकली जाऊ शकते. वस्तूच्या घडणीत या दोन प्रसंगी तीळभरही फरक पडलेला नसतो. फरक साक्षीत पडलेला असतो.

मराठीत या भेदासाठी दोन चांगले शब्द आहेत : नकल्या आणि तोतया. नकल्या दुसऱ्याचा आवाज काढतो तेव्हा आपण नक्कल करीत आहोत हे तो लपवीत नाही. किंबहुना ते न लपवण्यातच त्याच्या कलेची गंमत असते. तोतया मात्र ‘तोच मी’ असे म्हणतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून उभ्या राहिलेल्या इसमाला अनेकांनी ओळखले, ‘तोच हा’ अशी ग्वाही दिली, आणि १७७६ मध्ये त्याचे बंड मोडून त्याला देहान्त शासन होईपर्यंत पेशवाईला त्याने हैराण केले. न्यायदर्शनात ज्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, त्या ‘तोच हा’ या ज्ञानाची फसगत किती सहज होते, याचे याहून ठळक उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल. लोकांना साम्य दिसत होते. पण साम्य कितीही असले तरी ते ऐक्याचा पुरावा होत नाही.

कायद्याकडे पाहिले तर गोंधळ वाढतोच. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यात ‘प्राचीन शस्त्र’ या संज्ञेत १८९८ पर्यंत झालेली शस्त्रे येतात, आणि तयार काडतूस न वापरणारी त्यांची प्रतिकृतीही येते. काल कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू तेथे कायद्याने प्राचीन असते! आपल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमात पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेल्या शस्त्राला सूट मिळते ती ते दुरुस्त करूनही चालवता येणार नसेल तर. १९७२ च्या पुरावशेष अधिनियमात सर्वसाधारणपणे शंभर वर्षांची अट आहे, हस्तलिखितांना पंच्याहत्तर वर्षांची. एका ठिकाणी दारू भरण्याची पद्धत, दुसऱ्या ठिकाणी निरुपयोगिता, तिसऱ्या ठिकाणी वय. हे निकष त्या त्या प्रयोजनापुरते योग्यच आहेत. त्यांतला एकही अस्सलपणाचा निकष नव्हे, एवढेच लक्षात ठेवायचे.

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील साम्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : प्रतिबिंबासारखे, चित्रासारखे आणि दोन देहधारी माणसांतील सारखेपणासारखे. पहिल्याला स्वतःचा आत्माच नाही, दुसऱ्याचा आत्मा तुच्छ. तिसरे साम्य मात्र कवीने टाकू नये, कारण तेथे साम्य असूनही आत्मा स्वतंत्र असतो. त्याचा विचार काव्यवस्तूविषयी आहे, लोखंडाविषयी नव्हे, हे उघड आहे. तरीही हे वर्गीकरण येथे उपयोगी पडते. नळी बंद करून काचेच्या कपाटात ठेवलेली शोभेची प्रतिकृती चित्रासारखी आहे. चालणारी प्रतिकृती तुल्यदेही आहे. दारूची काजळी साचून दंडगोल केव्हा अडकू लागतो, गोळीच्या तोंडाशी चरबी का लावावी, एका कप्प्याची ठिणगी शेजारच्या कप्प्यात कशी शिरते, हे सारे आज कळते ते प्रतिकृती वापरून, कारण मूळ वस्तू चालवून पाहण्याचे धाडस तिच्या किमतीमुळे कोणी सहसा करीत नाही. मूळ वस्तू इतकी मौल्यवान झाली की ती आपले काम करीनाशी झाली. तिच्या कामाचे ज्ञान तिच्या नकलेकडे गेले. हे मूल्य अस्सलपणाहून निराळे आहे आणि ते नकलेचे स्वतःचे आहे.

आता नगरकडे वळू. विजापूरच्या तटावर असलेली ‘मलिक-ए-मैदान’ तोफ मूळची विजापूरची नव्हे. ती १५४९ मध्ये अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मुहम्मद बिन हसन रूमी याने निजामशहासाठी ओतली. तिचे तोंड हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचे आहे, वजन सुमारे पंचावन्न टन. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईनंतर सुमारे सात दशकांनी ती परांड्याहून विजापुरास नेण्यात आली. तिच्यावर निजामशहाचा आणि ओतणाऱ्याचा लेख आहे. १६८६ मध्ये विजापूर पडल्यावर औरंगजेबाने तिच्यावर आपलाही लेख कोरवला. त्यात विजयाचे वर्ष तोफेलाच जिंकल्याच्या शब्दांत गुंफलेले आहे. या गोष्टीकडे आपण सहसा विजेत्याचा उद्दामपणा म्हणून पाहतो, आणि तो त्यात आहेच. पण साक्षीच्या दृष्टीने पाहिले तर औरंगजेबाने निजामशहाचे नाव खोडले नाही. त्याने आपले नाव, आपल्या वर्षासह, त्याच अंगावर जोडले. कानस घेऊन बसलेल्या विक्रेत्यापेक्षा बादशहाचे वर्तन येथे अधिक प्रामाणिक आहे.

मूल्याविषयी याच तोफेची एक कथा बोलकी आहे. १८५४ मध्ये साताऱ्याच्या कमिशनरच्या हुकमाने निरुपयोगी सामान म्हणून तिचा लिलाव पुकारला गेला आणि सर्वांत मोठी बोली आली दीडशे रुपयांची. लोक तिला मानतात, असे मामलेदाराने कळवल्यावर विक्री रद्द झाली. तेव्हा तिच्या अस्सलपणाविषयी कोणाच्याही मनात शंका नव्हती. अस्सल असूनही तिची किंमत दीडशेच झाली. तिला वाचवले ते तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राने नव्हे, तर तिच्यापुढे हात जोडणाऱ्या लोकांनी. उलटपक्षी २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून साताऱ्यास प्रदर्शनासाठी आलेल्या वाघनखांच्या बाबतीत तेच संग्रहालय सांगते, की १६५९ च्या प्रसंगी वापरली गेली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही. तेथे श्रद्धा अफाट आणि साक्ष अपुरी. या दोहोंची गल्लत न करता दोन्हींचा मान राखणे अशक्य नाही. आपल्या सार्वजनिक चर्चेला मात्र ते जमत नाही असे दिसते.

येथवरचा विचार वाङ्मयाला लागू होतो का? नेल्सन गुडमन याने १९६८ मध्ये कलांचे दोन वर्ग केले. चित्रासारख्या कलेत हुबेहूब नक्कलही अस्सल नसते. काव्य-संगीतात मात्र अक्षरे किंवा स्वर बरोबर असले की प्रत्येक प्रत अस्सलच. मुद्रणयुगातील कवितेला हे लागू पडते. मराठी पोथीला ते पुरते लागू पडत नाही, कारण पोथीत अक्षरे बरोबर आहेत की नाहीत हाच वाद असतो. नेवाशात सांगितली गेलेली ‘ज्ञानेश्वरी’ आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या रूपात. पाठांत अशुद्धे शिरली होती म्हणून आपण शोधन केले, असे नाथांनी शेवटी नोंदवले, वर्षही दिले. राजवाड्यांनी १९०९ मध्ये नाथपूर्व म्हणून एक प्रत छापली आणि १९६० च्या शासकीय आवृत्तीने तिचाच आधार घेतला. त्या वादात मी येथे शिरत नाही. मात्र जुनी रूपे दिसली की पाठ जुना, हा युक्तिवाद आपल्याकडे फार सहज केला जातो. भाषेवरचा गंजही आणता येतो; गंज दिसणे आणि गंज कधी चढला याची साक्ष मिळणे या दोन गोष्टी आहेत.

‘लीळाचरित्रा’चे उदाहरण तर याहून टोकाचे आहे. परंपरेनुसार म्हाइंभटांची मूळ प्रत धाडीत गेली, आणि हिराइसेसारख्यांच्या स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. म्हणजे आज आपल्या हाती आहे ती मूळ नसलेल्या ग्रंथाची प्रतिकृती. पण तो पुन्हा उभा करणाऱ्यांनी मतभेद बुजवले नाहीत. कोणाच्या आठवणीप्रमाणे लीळा कशी, हे ‘वासना’ म्हणून नोंदवून ठेवले. अनेकदा त्या नोंदींमुळे वाचनाचा ओघ तुटतो आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी त्या ओलांडून पुढे जातात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण परीक्षेत त्यांवर प्रश्न येत नाही. परंतु वाचनसौकर्यासाठी वासना गाळून लीळेची एकसंध, गुळगुळीत संहिता छापणारा संपादक नेमके काय करतो, हे पाहिले पाहिजे. एकही शब्द तो खोटा घालत नाही. गार्दोनेचा छाप तेवढा घासून काढतो.