वाढदिवस नेमका कोणाचा?

॥ श्री गुरु माणिक ॥



हल्ली आपल्या ग्रुपवर सारख्या साठीच्या, पंचाहत्तरीच्या पत्रिका येत असतात. बघून आनंद वाटतो. पूर्वी लहान लेकराला ओवाळायचे आणि मोठ्यांना म्हणायचे, "आता कसला आलाय वाढदिवस!" आता मुलं हौसेनं आई-वडिलांचा सोहळा करतात, ही चांगलीच गोष्ट आहे. पण सोहळा झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्या आईला जरा बाजूला घेऊन विचारा. "सगळं छान झालं गं, पण फार दमले," असं उत्तर हमखास येतं. हौस आपली झाली आणि दमणूक तिची झाली. हे असं का होतं, त्यावर आज थोडं चिंतन करू.

मोठ्या माणसाचा वाढदिवस आपल्या धर्माला नवा नाही. त्याला वर्धापन म्हणतात. त्या दिवशी मार्कंडेयाचं आणि सात चिरंजीवांचं पूजन करून तीळ-गूळ घातलेलं दूध प्यायचं, अशी रीत आहे. प्रभव ते क्षय अशी साठ संवत्सरं आहेत. साठ वर्षं पुरी झाली की आपल्या जन्माच्या वेळचं संवत्सर परत येतं, म्हणून साठीची उग्ररथ शांत. पौर्णिमा साधारण साडेएकोणतीस दिवसांनी येते. अशा हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षं आणि वर दहाएक महिने लागतात, म्हणून त्या सुमाराला सहस्रचंद्रदर्शन. या सगळ्याच्या मुळाशी एकच भाव आहे. देवानं एवढा काळ दिला, त्याचे आभार मानायचे.

आणि नुसती वर्षं मोजून काही होत नाही, हेही आपल्याला माणिकनगरात दिसतं. प्रभूंचा जन्म २२ डिसेंबर १८१७ चा, बसवकल्याणजवळच्या लाडवंतीत, दत्तजयंतीच्या दिवशी. २९ नोव्हेंबर १८६५ ला त्यांनी समाधी घेतली. म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षंही पुरी झाली नव्हती. साठीची शांत नाही, पंचाहत्तरी नाही. तरी २०१७ साली आपण द्विशताब्दी जयंती साजरी केली आणि पुढची लेकरंही दत्तजयंतीला तिथं जातील. कारण त्या दरबारात आलेलं सगळं वाटलं गेलं. जात, पंथ, भाषा न विचारता वाटलं गेलं. सकलमत म्हणतात ते हेच.

मग घरातल्या वाढदिवसाला काय करावं? मला वाटतं, देवाची पूजा करतो तसं करावं. षोडशोपचार म्हणजे तरी काय? आलेल्या पाहुण्याचं कसं करावं, याचंच शास्त्र. त्यातले पाच-सहा उपचार घेऊन बघू या.

*आवाहन.* पूजेत देवाला आधी बोलावतो. वाढदिवसात मात्र आपण ज्यांचा दिवस त्यांनाच काही विचारत नाही. "सरप्राइज द्यायचंय!" रात्री बारा वाजता दार वाजवून, बीपीची गोळी घेऊन झोपलेल्या माणसाला दचकवून उठवायचं आणि केकपुढं उभं करायचं. तरुणांना गंमत वाटते, म्हाताऱ्या छातीत धडधड होते. आधी विचारा. तारीखही विचारा. आपल्या भागातल्या कितीतरी वडीलधाऱ्यांच्या आधार कार्डावर १ जून ही तारीख आहे. शाळेत घालताना मास्तरांनी लिहिलेली ती तारीख. खरा जन्म त्यांना वेगळ्याच खुणेनं ठाऊक असतो. "मी रझाकाराच्या वर्षातली," "पोलिस ॲक्शन झाली त्या दिवाळीला पाळण्यात होतो." म्हणजे १९४८. त्यांना आठवते ती तिथी धरा. त्या निमित्तानं जुन्या गोष्टी निघतील, तोही सोहळाच की. आणि पाहुण्यांची यादी त्यांच्याजवळ बसून करा. मुलाच्या ऑफिसातले पन्नास लोक आले आणि आईबरोबर चाळीस वर्षं शेतात खुरपलेली बाई राहून गेली, असं व्हायला नको.

*आसन.* दुसरा उपचार बसायला देणं. हॉलमध्ये उंच, मखमली खुर्ची असते. तिला पाठीला आधार नाही, पाय खाली टेकत नाहीत. समोर लाईट, फोटोवाला म्हणतो, "आजी, इकडं बघा." तीन-तीन तास. गुडघे दुखतात, लघवीला जायचं असतं, पण बोलणार कोणाला? देवाच्या मूर्तीला बसवतो तसं बसवायचं आणि मूर्तीला काही दुखत नाही तसं यांनाही दुखत नाही असं धरून चालायचं. हात टेकायला दांडे असलेली साधी खुर्ची बघा. हॉल तळमजल्यावरचा घ्या, बाथरूम जवळ असू दे. दीड तासात मुख्य कार्यक्रम उरका. मध्ये त्यांना आत नेऊन थोडं आडवं होऊ द्या. घरचं एक माणूस फक्त त्यांच्याजवळ असू द्या.

*दीप.* मेणबत्ती फुंकायची की निरांजन ओवाळायचं, यावरून घरात भांडू नका. नातवंडांना केक हवा तर कापू दे, मेणबत्ती न विझवताही केक कापता येतो. आधी औक्षण करा, मग केक. पण औक्षणात एक चूक होते, ती केकपेक्षा फार मोठी आहे.

एका घरातलं ऐकलेलं सांगते. आईची पंचाहत्तरी. ओवाळायला पाच सवाष्णी बोलावल्या. आईची सख्खी धाकटी बहीण तिथंच होती. तिचे यजमान वारलेले. ती कोणी न सांगता स्वतःहून मागं सरकून भिंतीला टेकून उभी राहिली. सगळ्यांना ते दिसलं, कोणी काही बोललं नाही. आईनं मात्र ताटावर हात ठेवला आणि म्हणाली, "आधी ती. तिच्याशिवाय मी ओवाळून घेणार नाही." बहिणीच्या हातून कुंकू लावून घेतलं, मग बाकीच्यांनी ओवाळलं.

आपल्या घरी असं कोण मागं सरकतंय, हे बघणं यजमानाचं काम आहे. आणि दुसरंही. साठीची शांत जोडप्यानं करायची, म्हणून एकट्या राहिलेल्या आईची साठी कित्येक घरांत कोणाच्या लक्षातही येत नाही. "आता ते नाहीत, कशाला करायचं?" असं ती म्हणते आणि आपण ते खरं मानतो. पण चंद्र काय नवरा आहे का बघून उगवतो? शेकडो पौर्णिमा तिनंही पाहिल्यात. काही पौर्णिमा तर एकटीनं, लेकरं कुशीत घेऊन पाहिल्यात. विधी जमत नसेल तर राहू द्या. तिच्या नावानं प्रभूंना अभिषेक करा, चार माणसं जेवायला बोलवा.

*नैवेद्य.* ज्याला जे चालतं तेच दाखवायचं. साखर असलेल्या आप्पांपुढं पाच गोड पदार्थ आणि त्यांना खाता येईल असं काही नाही, हा कसला नैवेद्य? मऊ भाकरी, पुंडीची भाजी, वरण-भात असं त्यांच्या आवडीचं एक तरी असू द्या. गोळीच्या वेळेला त्यांचं पान आधी वाढा. पाहुण्यांत कोणाला एकादशी, कोणाचा गुरुवार, कोण कांदा-लसूण खात नाही, हे आधी विचारलं की पंगतीत कोणी उपाशी उठत नाही. आणि बाईचा वाढदिवस असेल तर एवढं कराच. त्या दिवशी तिला पुरण वाटायला लावू नका. स्वतःच्या वाढदिवसाची होळगी स्वतःच लाटणाऱ्या कितीतरी बायका आपल्यात आहेत. व्याजानं पैसे काढून हॉल घेणं तर नकोच. ज्यांच्यासाठी कर्ज काढलं, त्यांनाच त्या रात्री झोप लागत नाही.

*वस्त्र.* अकरा शाली, सात नारळ, भिंतीवरची चार घड्याळं. दुसऱ्या दिवशी कपाट भरतं, गरज तशीच राहते. नवा चष्मा, बाथरूममध्ये धरायला दांडी, गाणगापूरला नेऊन आणणं, अशी काही भेट ठरवा. आलेल्या शाली त्यांच्याच हातून गरजूंना वाटा. देताना त्यांचा चेहरा बघा.

*नमस्कार.* माईकवर थोडंच बोला. वयावरचे विनोद, जुनी उणीदुणी, "शेत कोणाच्या नावावर करणार" ही थट्टा चारचौघांत नको. दोन वाक्यं बोला, पण मनातली. मग वाकून नमस्कार करा आणि त्यांना बोलायचं असेल तर माईक त्यांच्याकडं द्या. बोलायचं नसेल तर आग्रह नको.

पूजेनंतर उत्तरपूजा असते. दुसऱ्या दिवशी पाहुणे गेलेले असतात, फुलं सुकलेली असतात. त्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून फोटो दाखवा, पाय चेपा. लांब असाल तर फोन करा. आदल्या दिवशीच्या गर्दीपेक्षा तो अर्धा तास त्यांना जास्त आठवतो.

ज्यांच्या घरी येत्या दिवसांत असा सोहळा आहे, त्यांना एकच विनंती. हॉल बुक करण्याआधी तीन गोष्टी त्यांनाच विचारा. तुम्हाला कोण भेटावंसं वाटतं? काय खावंसं वाटतं? किती वेळ बसवेल? उत्तरं कागदावर लिहून घ्या आणि मग तयारीला लागा. त्यांनी "काहीच नको" म्हटलं, तर दोन दिवसांनी पुन्हा विचारा. पहिल्यांदा नाही म्हणायची सवयच असते त्या पिढीला.

प्रभू सर्व वडीलधाऱ्यांना निरामय आयुष्य देवोत आणि आपल्याला ते नीट सांभाळायची बुद्धी देवोत.

जय गुरु माणिक 🙏