रजामंदीचे भाडे

मी नाशिकमध्ये उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षक आहे. घराचा अकरा महिन्यांचा करार संपला आणि इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांत घर शोधू लागलो. एजंट फोनवर भाडे सांगत, अनामत सांगत आणि मग नाव विचारत. नाव ऐकले की घर 'कालच गेलेले' असे. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात मुसलमानांना घर मिळण्यातल्या या अडचणीची नोंद आहे. त्यामुळे मला नवल वाटले नाही, वाईट मात्र वाटले.

शेवटी जुन्या नाशकात, आपल्याच मोहल्ल्यात घर मिळाले. मालक जुम्म्याला माझ्याच सफेत उभे राहणारे. खोल्या लहान, भाडे मात्र दीडपट. मी 'जास्त होते' म्हणालो. ते शांतपणे म्हणाले, "सर, दुसरीकडे विचारून बघा." मी विचारूनच आलो आहे, हे त्यांना ठाऊक होते. मी सही केली.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. तो तसा झाला. पण सही म्हणजे रजामंदी का? व्यवहार परस्पर रजामंदीने व्हावा, अशी आपल्या दीनची शिकवण आहे. ज्याच्यापुढे दुसरा दरवाजाच नाही, त्याच्या 'हो'ला रजामंदी म्हणावे का?

मालकांनाही कर्जाचे हप्ते असतात. कुणा विधवेचा संसार भाड्यावरच चालतो. पाणी, लिफ्ट, बाजारपेठ यांचे पैसे घ्यावेत. पण भाड्यातला जो हिस्सा केवळ भाडेकरूला इतरत्र नकार मिळतो म्हणून वाढतो, तो घराचा मोबदला नाही. ती दुसऱ्याने केलेल्या अन्यायातली वाटणी आहे. निवड करू शकणाऱ्या माणसाला आपण हेच भाडे सांगितले असते का, एवढे स्वतःला विचारले तरी तो हिस्सा किती ते कळते.

हे लिहिताना मला मालेगाव आठवते. तिथल्या आमच्या घराची वरची खोली अब्बांनी एका यंत्रमाग कामगाराला दिली आहे. गेल्या ईदला मीच त्यांना म्हणालो होतो, "भाडे वाढवा, तो कुठे जाणार?" अब्बांनी वाढवले. परवा मी त्यांना फोन केला आणि वाढवलेले पैसे परत करायला सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तुझ्या मालकाने भाडे कमी केले का?"

नाही केले. तरीही परत करा, म्हणालो.