माहिती देणाऱ्याच्या पाठीशी

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला आणि काही दिवसांत शहराची घडी विस्कटली. शाळा, चित्रपटगृहे बंद झाली, मास्क मिळेनासे झाले, नायडू रुग्णालयाबाहेर तपासणीसाठी रांगा लागल्या. त्या रांगेत तापाने फणफणलेले होते, साध्या सर्दीचे होते आणि नुसत्या धास्तीने आलेलेही होते. ज्याला संसर्ग नव्हता, त्याला तो तिथेच होण्याचा धोका होता.

राष्ट्रीय विषाणू संस्था ज्या शहरात आहे, त्याच शहराची ही गत झाली. कारण लोकांना हवी होती ती माहिती वेगळी होती: घरी कोणी थांबायचे आणि रुग्णालय कोणी गाठायचे? केंद्र सरकारच्या अ, ब, क वर्गवारीने पुढे त्याचे उत्तर दिले. सौम्य ताप-खोकला असेल तर तपासणी नको, घरीच थांबा. ताप जास्त असेल, किंवा गरोदरपण, मधुमेह, दमा अशी जोखीम असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्या. धाप लागली, छातीत दुखले, नखे निळी पडली तर तडक रुग्णालय. एवढे साथीआधी घरोघरी ठाऊक असते तर बरीच माणसे त्या रांगेत उभीच राहिली नसती.

पण वरून खाली येणारी माहिती ही अर्धीच तयारी. साथीची पहिली खबर खालून वर जावी लागते, आणि तिथे प्रश्न विश्वासाचा येतो. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला. कोंबड्या पटापट मरू लागल्याचे सर्वांत आधी कळते ते पोल्ट्रीवाल्याला. त्याने ते कळवले की त्याच्या उरलेल्या कोंबड्याही मारल्या जातात. भरपाई वेळेवर मिळेल अशी खात्री नसेल, तर त्याने तोंड का उघडावे?

देशांचेही असेच असते. २००७ मध्ये इंडोनेशियाने बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले. आमच्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती. ती रास्तच होती. वाटाघाटींनंतर २०११ मध्ये नमुने देणे आणि लस-औषधांत वाटा मिळणे यांची सांगड घालणारी चौकट ठरली.

पोल्ट्रीवाल्याला आणि इंडोनेशियाला लागू पडते तेच आपल्या सोसायटीला आणि चाळीलाही. कोविडच्या काळात कितीतरी घरांनी ताप लपवला. रोगापेक्षा शेजाऱ्यांच्या बहिष्काराची भीती मोठी होती. कामवाल्या बाईंना रोजगार बुडण्याची. रुग्णांची नावे व्हॉट्सॲपवर फिरली की पुढचा रुग्ण गप्प बसणार, हे उघड आहे.

म्हणून वस्तीच्या ग्रुपवर आत्ताच, कुणी आजारी नसताना, दोन गोष्टी ठरायला हव्यात. पहिली, एकच खात्रीचे पान: जवळचा दवाखाना, रुग्णवाहिका, आशाताईंचा नंबर, कोणत्या लक्षणांना काय करायचे, खाली ते कोणी आणि कोणत्या तारखेला तपासले त्याची नोंद. तारीख नसलेला संदेश कितीही शहाणा वाटला तरी पुढे पाठवायचा नाही. दुसरी गोष्ट, शब्द: जो ताप आल्याचे सांगेल, त्याच्या दारात डबा आणि औषध पोहोचेल, त्याचे नाव ग्रुपवर येणार नाही, आणि घरी थांबल्याबद्दल कामवाल्या बाईंचा पगार कापला जाणार नाही.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेतल्या दुभत्या गायींमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू सापडला. हा विषाणू माणसांत सहज पसरू लागेल की नाही, हे आपल्या हाती नाही. पण खरे बोलणाऱ्याला शिक्षा होणार नाही एवढी हमी देणे प्रत्येक वस्तीच्या हाती आहे, आणि फ्लूविरुद्धची सगळी तयारी त्या हमीवरच उभी राहते.