कुंभार आणि मृत्तिका

राजा कालाला घडवितो की काल राजाला, हा संशय युधिष्ठिराच्या मनात राहू नये म्हणून शांतिपर्वात भीष्मांनी आपला कौल निःसंदिग्धपणे राजाच्या बाजूने दिला. लोकशाहीत वाढलेल्या मनाला हा निवाडा सहजासहजी मानवत नाही. तथापि १९९१ चा जुलै ज्याने जाणत्या वयात पाहिला, त्याला तो निखालस टाकूनही देता येत नाही.

परकीय चलनाची गंगाजळी त्या वेळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकी उरली होती आणि रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने तारण म्हणून मुंबईहून लंडनला रवाना झाले. घरातील अखेरचा दागिना सावकाराच्या पेढीवर नेताना गृहिणीच्या हाताला जो कंप सुटतो तो ज्या देशात घरोघरी ठाऊक आहे, त्या देशाला ही वार्ता किती झोंबली असेल, हे अंदाजपत्रकाच्या कोष्टकांतून कळणारे नाही.

शास्त्रकार मृत्तिकेला घटाचे उपादान कारण म्हणतात आणि कुंभाराला निमित्त कारण. १९९१ ची मृत्तिका नरसिंह रावांनी कालविली नव्हती. परवानापद्धती सैल करण्याच्या तजविजी सरकारी दप्तरांत आधीपासूनच पडून होत्या. बाहुबळच पाहायचे तर १९७१ त ३५२ जागा जिंकणाऱ्या इंदिरा गांधींपाशी ते अधिक होते, पण त्यांच्या चाकावर राष्ट्रीयीकरणाचा घट आकार घेत होता. राजीव गांधींना १९८४ त चारशेहून अधिक जागा मिळाल्या, तरी परवान्यांचा अंमल उठला नाही. उलट रामटेकने दोनदा लोकसभेत धाडलेल्या, १९९१ ची निवडणूक न लढविता निवृत्तीच्या तयारीस लागलेल्या आणि बहुमतावाचून पंतप्रधान झालेल्या या गृहस्थाने उद्योगखाते स्वतःकडे ठेवले, डॉ. मनमोहन सिंगांना अर्थखाते दिले, आणि २४ जुलै रोजी १८ उद्योग वगळता बाकी सर्वांवरची परवान्याची सक्ती रद्द झाली.

म्हणून ‘आम्ही केवळ निमित्तमात्र’ असे म्हणण्याची सवलत राज्यकर्त्याला देता कामा नये. त्याच अडचणीतून आयातबंदी अधिक कडक करणारे फर्मानही निघू शकले असते. खुल्या स्पर्धेत ज्याचा कारखाना बंद पडला त्या कामगाराला कालाकडे बोट दाखवून परत पाठविणे, हा अधर्म होय. भीष्मांचा निवाडा मला एवढ्यापुरता मान्य आहे, आणि १९९१ चे यश व अपयश ही दोन्ही मी नरसिंह रावांच्याच खाती जमा करतो.