शिलाईचा हिशेब

२०२४ च्या रमजान ईदनंतर आम्ही दोघांनी, नवरा-बायकोने, एक नीयत केली. पुढच्या ईदपर्यंत घरात एकही तयार कपडा आणायचा नाही आणि शिवायलाही बाहेर टाकायचा नाही. अम्मीचे जुने पायमशीन माळ्यावरून खाली काढले. पट्टा बदलला, तेल घातले, रविवार पेठेतून कापड आणि दोऱ्याची रिळे आणली.

कारणे दोन होती. एक तर कपाटे भरून वाहत होती. मशिदीत इस्राफवरचे बयान ऐकून मान डोलवायची आणि ईदेला प्रत्येकी तीन-तीन जोड आणायचे, याची लाज वाटू लागली होती. दुसरे कारण मुलाच्या शर्टावरची चिठ्ठी. तो शर्ट बांगलादेशात शिवलेला होता. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या सावार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. अकराशेहून अधिक माणसे गेली. त्यांत शिवणकाम करणाऱ्या बायकाच जास्त होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते, तरी मजुरांना आत जायला लावले गेले. अशा हातांनी शिवलेला कपडा घालून आपण ईदेची नमाज पढतो, हा विचार मनातून जाईना.

हिजरी वर्ष ३५४ दिवसांचे. तेवढ्या दिवसांत आम्ही पाच सलवार-कमीज, चार कुर्ते, सहा पायजमे आणि उशांचे अभ्रे शिवले. पहिल्या पायजम्याचे आसन इतके आखूड बेतले, की बसताच तो उसवला. मुंढा नीट बसवायला दोन महिने गेले. मापे घेणे आणि कापड बेतणे बायकोकडे, सरळ टीप, काजबटणे आणि तुरपाई नवऱ्याकडे, अशी वाटणी आपोआप पडली. नवऱ्याने सुई धरली म्हणून काही पाहुणे हसले. पण हजरत आयेशा (र.) यांच्या रिवायतीत आहे, की प्रेषित मुहम्मद (स.) आपले कपडे स्वतः शिवत, जोडे स्वतः दुरुस्त करत. घरातल्या कामाला पुरुषाचा हात लागल्याने इज्जत जात नाही, हे आपण बयानात ऐकतो. घरात मात्र ते सुईपर्यंत पोचत नाही.

वर्षभर आम्ही एक वही ठेवली. प्रत्येक कपड्याला किती वेळ लागला ते लिहायचे. अस्तर नसलेल्या साध्या सलवार-कमीजला आमचे अकरा तास गेले. हात बसल्यावर सात. या वहीनेच आम्हाला अडचणीत आणले.

कारण या वर्षाआधी आमचे कपडे आमच्याच भागातल्या एक खाला शिवत. शौहर वारल्यावर त्यांनी मशिनीवर दोन मुली वाढवल्या. त्यांनी साडेतीनशे सांगितले, की आम्ही तीनशे म्हणायचो. त्या हसून "चला, घरचंच आहे" म्हणत आणि आम्ही पन्नास रुपये वाचवल्याच्या समाधानात परतायचो. त्यांचा सराव मोठा. तरी बेतण्यापासून नाडी घालण्यापर्यंत एका जोडाला चार-पाच तास तर जातच असतील. वरून दोरा त्यांचा, वीज त्यांची, मशिनीची दुरुस्ती त्यांची. भागाकार केल्यावर तासाचा जो आकडा आला, तो घरकामाच्या मोलकरणीलाही आम्ही सांगितला नसता.

मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही हदीस आपल्याला पाठ असते. आम्ही पैसे कधी थकवले नाहीत, म्हणून या बाबतीत आम्ही स्वतःला पाक समजत होतो. पण वेळेवर दिलेली कमी मजुरी ही कमीच असते. घेताना पुरते माप घ्यायचे आणि देताना घट करायची, अशांविषयी सूरह अल्-मुतफ्फिफीनमध्ये कडक इशारा आहे. ती सूरह आम्ही नेहमी धान्य तोलणाऱ्या दुकानदाराला लावली. कपडा इंचभर तोकडा झाला तर आम्ही परत देत होतो. म्हणजे माप आम्हालाही कळत होते. फक्त ते आम्ही एकाच बाजूने लावत होतो.

वर्ष संपत आले तेव्हा खाला रस्त्यात भेटल्या. "तुम्ही आता घरीच शिवता म्हणे. चांगलं आहे," एवढेच म्हणाल्या. मग मुलींची चौकशी केली तेव्हा कळले, की काम फार कमी झाले आहे. आमचे महाळुंगे मुळशीतले गाव. शेजारी १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी क्रीडानगरी झाली, पलीकडे हिंजवडीत कंपन्या आल्या, २०२१ मध्ये गाव पुणे महापालिकेत गेले. आता तयार कपडा मोबाइलवर बोट ठेवले की दारात येतो. शिवून घेणारी घरे मोजकीच उरली आणि त्यांतले एक आम्ही, आमच्या नेकीपायी, कमी केले होते.

इथे खरा प्रश्न उभा राहिला. आपल्या हाताने करून खाणे हे मोठे, की शेजाऱ्याच्या हाताला काम राहणे मोठे? महात्मा गांधींनी १९२४ मध्ये यंत्रांविषयी बोलताना सिंगरच्या शिवणयंत्राला अपवाद मानले होते. बायकोचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून, प्रेमापोटी ते यंत्र केले गेले, असे ते म्हणाले. प्रेमाची ही बाजू आम्ही वर्षभर अनुभवली. पण तेच यंत्र ज्या घरात पोटासाठी चालते, तिथे नुसते प्रेम पुरत नाही, तिथे मजुरी लागते.

राणा प्लाझानंतर बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी जगाला आमचे कपडे घेऊ नका असे सांगितले नाही. त्यांनी सुरक्षित इमारती मागितल्या, मजुरी मागितली. २०१३ मध्येच इमारतींच्या आणि आगीपासूनच्या सुरक्षिततेचा करार कंपन्यांशी झाला. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत स्थापलेल्या 'सेवा' संघटनेचा अनुभवही तोच. तिथल्या दरियापुरात गिरणीच्या चिंध्या जोडून खोळी शिवणाऱ्या मुस्लिम बायका नगावर राबत. त्यांनी एकत्र येऊन दर वाढवून मागितला, पुढे स्वतःची सहकारी संस्था काढली. त्यांचा झगडा कामासाठी होता आणि त्या कामाच्या रास्त दामासाठी. घरबसल्या काम करणाऱ्यांसाठी १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने करार केला, पण त्याला भारताची मंजुरी नाही. कायदा येईल तेव्हा येईल. आपल्या मोहल्ल्यातला दर ठरवायला मात्र आपल्याला कोणाची मंजुरी लागत नाही.

म्हणून आम्हाला वाटते, की कष्ट आपल्यापासून दूर ठेवण्यात नेकी नाही. कोणाच्या तरी कष्टावरच आपण अंग झाकतो. हजला जाणाऱ्या पुरुषाचा एहराम शिवलेला नसतो, आणि शेवटचे कफनही नाही. त्या दोहोंच्या बाहेरचे सारे आयुष्य आपण कोणाची तरी शिलाई अंगावर घेऊन काढतो. ती शिलाई चुकती झाली की नाही, एवढे तरी बघायला हवे.

२०२५ च्या ईदनंतर आम्ही वही घेऊन खालांकडे गेलो. दर तुम्ही सांगा, आम्ही कमी करणार नाही, असे म्हटले. त्यांनी सवयीने तेच साडेतीनशे सांगितले. आम्ही तासांचा हिशेब वाचून दाखवला. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "एवढं मागितलं तर बाकीचे येतील का?" याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते एकट्या घराने देण्यासारखे नाहीच. आमच्यापुरता नवा दर ठरला. फाटके सांधणे, पायजमे आणि अभ्रे आम्ही घरीच शिवतो, बाकीचे त्यांच्याकडे जाते. शेजारच्या चार घरांशी दराबद्दल बोललो. दोन घरे तयार झाली. उरलेल्या दोन घरांशी पुन्हा बोलायचे आहे.