औषध सांगितल्यानें गुण जातो काय?

आमच्या खेड्यापाड्यांत एक समज फार जुना आहे, व तो हिंदु, मुसलमान, ख्रिस्ती ह्या सर्वांत सारखाच आढळतो. तो हा कीं, झाडपाल्याचें औषध ज्यास ठाऊक आहे त्यानें तें दुसऱ्यास सांगूं नये. सांगितल्यास त्याचा गुण जातो. ह्याच्या जोडीस दुसराहि एक नेम असतो : औषधाचे पैसे घेऊं नयेत, घेतल्यासहि गुण जातो. काविळीचें, मुळव्याधीचें, विंचवाचें औषध देणारीं अशीं माणसें आमच्या नगर जिल्ह्यांत (ज्यास २०२४ सालीं अहिल्यानगर हें नांव मिळालें) ठिकठिकाणीं आहेत. ठरलेल्या वारीं पहांटे त्यांच्या ओट्यावर रोगी येऊन बसतात. देणारा उपाशीपोटीं औषध देतो, नारळहि घेत नाहीं, आणि काय दिलें तें सांगत नाहीं.

ह्या दोन नेमांपैकीं पैशाचा नेम थोर आहे व मौनाचा नेम खोटा आहे, असें आमचें मत आहे. परंतु हें मत आम्हांस पुस्तकांतून मिळालेलें नाहीं, म्हणून घडलें तें आधीं सांगतों.

कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही नेवासे तालुक्यांतील एका मंडळीचे पाळक होतों. त्या मंडळींत एक वृद्ध विधवा होत्या. सर्व गांव त्यांस मावशी म्हणे, आम्हीहि मावशीच म्हणत असूं. काविळीचें औषध त्यांस सासूकडून मिळालें होतें. मावशी रोग्याच्या नाकांत कसल्याशा पाण्याचे थेंब सोडीत. थोड्या वेळानें नाकांतून पिवळें पाणी वाहूं लागे, आणि कावीळ उतरली म्हणून रोगी समाधानानें घरीं जाई. आमच्या धाकट्या भावासहि त्यांनीं एकदां औषध दिलें होतें व तो बरा झाला होता, हें येथें सांगितलें पाहिजे. नाहींतर आम्ही पहिल्यापासूनच त्यांचे विरोधी होतों असें वाचकांस वाटेल.

एके वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं मंडळींतील एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलास कावीळ झाली. तीन रविवार औषध झालें. तिसऱ्या रविवारच्या रात्रीं त्यास वांत्या होऊं लागल्या, ग्लानि आली, व नाकांतून रक्त येऊं लागलें. तेव्हां त्यास जीपगाडींत घालून नगरच्या एका इस्पितळांत नेलें. बरोबर त्याचे वडील, मावशी व आम्ही होतों. डॉक्टरबाईंनीं पहिलाच प्रश्न केला : ह्याच्या नाकांत काय घातलें आहे? वडिलांनीं मावशींकडे पाहिलें, मावशींनीं जमिनीकडे पाहिलें. डॉक्टरबाई रागावल्या नाहींत. त्यांनीं समजावून सांगितलें कीं, यकृत फार बिघडलें म्हणजे रक्त गोठण्याची शक्ति जाते व रक्त वाहूं लागतें. परंतु नाकांत कांहीं जहाल पदार्थ गेला असेल तर आंतील नाजूक कातडी सोलून निघते, आणि तेव्हांहि रक्त येतें. पहिली गोष्ट असेल तर मुलाच्या जिवास मोठा धोका आहे. दुसरी असेल तर तितका नाहीं. रक्ताची तपासणी होईल तेव्हां होईल, पण आतां ह्या घटकेस काय तें सांगणारें एकच माणूस येथें उभें आहे.

मावशी आम्हांस व्हरांड्यांत घेऊन गेल्या. म्हणाल्या, “पाळकसाहेब, सासूबाईंना शब्द दिलाय. नांव घेतलं की गुण गेला. मग उद्या दारात येतील त्यांना मी काय देऊ?”

वाचकांनीं हा प्रश्न नीट पाहावा. मावशी स्वतःचा मान राखण्यासाठीं गप्प नव्हत्या. अजून न आलेल्या रोग्यांची चिंता त्यांस पडली होती. सेमिनरींत आम्हीं नीतिशास्त्राचा अभ्यास केला होता, आणि दिलेला शब्द केव्हां मोडावा ह्या विषयावर परीक्षेंत चार पानें लिहून चांगले गुण मिळविले होते. त्या व्हरांड्यांत त्यांतील एकहि वाक्य आम्हांस आठवलें नाहीं. आम्ही इतकेंच म्हणालों, “मावशी, आंत पडलेला पोरगा आजचा आहे.” त्या आंत गेल्या व पदर तोंडास लावून त्यांनीं डॉक्टरबाईंस नांव सांगितलें : देवडांगरी.

डॉक्टरबाईंस ती वनस्पति ठाऊक होती. तिच्या फळाच्या पाण्यानें नाकाची आंतील त्वचा चुरचुरून पाणी सुटतें, व तें पिवळें दिसतें म्हणून लोकांस वाटतें कीं कावीळ गळून गेली. पुढें तपासणींतहि रक्त गोठण्याची शक्ति शाबूत असल्याचें आढळलें. मुलगा तीन आठवडे इस्पितळांत राहून बरा झाला.

आतां विचाराकडे वळूं. औषधाचा गुण असतो कोठें? पानांत असेल तर त्याचें नांव दहा जणांस सांगितल्यानें तो कमी होण्याचें कारण नाहीं. हळद सर्वांस ठाऊक आहे म्हणून तिचा रंग फिका झाला नाहीं. आणि गुण जर मौनांतच असेल तर पान कशास पाहिजे, रोग्यासमोर मुकाट्यानें बसलें तरी पुरे. (वैदू मंत्र म्हणतो, त्याच्या हातचें पान आम्हीं घ्यावें कीं नाहीं, असें मंडळींतील लोक आम्हांस वारंवार विचारितात. पान उत्पन्न करणाऱ्यानें त्यांत जें घातलें तें मंत्रानें वाढत नाहीं व बाटतहि नाहीं, हें आमचें उत्तर आहे. हिज्कीया राजाच्या गळवावर यशयानें अंजिरांचा लेप लावविला, तो सर्वांसमक्ष व नांव सांगून.)

मौनाचा नेम टिकला ह्याचें एक कारण काविळीच्या स्वभावांत आहे. आपल्याकडे बहुतेक कावीळ घाण पाण्यावाटे पसरणाऱ्या विषाणूंमुळें होते, आणि ती विश्रांति व साधें अन्न मिळाल्यास कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. तेव्हां ओट्यावर बसलेल्या दहांपैकीं बहुतेक जण कांहींहि दिलें तरी, किंवा कांहींच न दिलें तरी, बरे व्हावयाचेच असतात. आमचा भाऊ त्यांपैकींच होता असें आतां वाटतें. परंतु डोळे पिवळे होण्याचीं कारणें आणखीहि आहेत : पित्ताच्या नळींत अडकलेला खडा, उंदराचें विष पोटांत जाणें, उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्याचा ताप. ओट्यावर हे सर्व रोगी सारखेच पिवळे दिसतात. जे बरे झाले ते गांवभर सांगतात. जे झाले नाहींत त्यांचे घरचे लोक दैवास बोल लावून गप्प बसतात. जें औषध काय आहे हेंच कोणास ठाऊक नाहीं, त्याची चूक कोण मोजणार?

अलीशा संदेष्ट्याच्या काळीं दुष्काळांत एक जण रानांत भाजी आणावयास गेला व रानवेलीचीं फळें ओटीभर घेऊन आला, आणि कोणी न ओळखतां तीं हंड्यांत चिरून टाकिलीं. तो मनुष्य दुष्ट नव्हता. भुकेलेल्यांस वाढावें एवढाच त्याचा हेतु होता, तरी हंड्यांत मरण शिरलें. ही गोष्ट आम्हीं पुष्कळ वेळां वाचली होती. ती जुनी झालेली नाहीं हें २०१० सालीं कळलें, जेव्हां दिल्लींतील एक शास्त्रज्ञ कडू दुध्याचा रस आरोग्यासाठीं म्हणून पिऊन मरण पावले. पुढें भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनें सांगितलें कीं, कडू लागलेल्या दुध्याचा रस मुळींच पिऊं नये. करोनाच्या साथींत घरोघर गुळवेलीचा काढा होऊं लागला. २०२० च्या अखेरीस मुंबईंतील डॉक्टरांस यकृतास इजा झालेले सहा रोगी आढळले, त्या सर्वांनीं गुळवेल घेतली होती. तो वृत्तांत त्यांनीं २०२१ सालीं छापला. आयुष मंत्रालयानें हरकत घेतली कीं, गुळवेल निर्दोष आहे, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेलीचा हा घोटाळा असावा. ह्या वादांत कोणाचें खरें हें ठरविणें आमचें काम नाहीं. पण दोन्ही पक्ष अखेरीस एकाच प्रश्नापाशीं येतात : वेल कोणती होती?

येथवर वाचून कोणी म्हणेल, मौन वाईट हें सिद्ध झालें. इतकें सोपें तें नाहीं. पाथर्डी तालुक्यांत मढीस कानिफनाथाची यात्रा भरते, तेथें भटक्या जमाती जमतात, व त्यांत वैदूहि असतात. ज्यास शेत नाहीं, घर नाहीं, त्याच्या झोळींतील मुळी हेंच त्याचें शेत. त्यास आम्ही म्हणावें, “बाबा, मुळीचें नांव सर्वांस सांग,” आणि त्यानें सांगितल्यावर दुसऱ्या दिवशीं ती दुकानांत डबींतून विकली जावी, हा कोणता धर्म? अकोल्याच्या डोंगरांत महादेव कोळी व ठाकर लोक हिरडा वेचतात. वेचणाराच्या पदरीं काय पडतें आणि हिरड्याच्या चूर्णास बाजारांत काय पडतें, हें जो ताडून पाहील तो वैद्वाच्या मौनास एकदम पाप म्हणणार नाहीं. आम्हीहि म्हणत नाहीं.

तथापि मौनानें त्याचें शेत राखलें जातें काय, हें पाहिलें पाहिजे. १९९५ सालीं अमेरिकेंत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांतील दोघांस हळदीनें जखम भरून काढण्याच्या कृतीचें पेटंट मिळालें. आमच्या आयाबहिणींनीं कापलेल्या बोटावर हळद दाबावी, आणि हक्क मात्र सातासमुद्रांपलीकडील माणसाचा! आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनें तक्रार केली, व १९९७ सालीं तें पेटंट रद्द झालें. पण तें आयाबहिणींच्या साक्षीनें रद्द झालें नाहीं. जुने संस्कृत ग्रंथ व छापील लेख पुढें ठेवावे लागले. जें लिहिलेलें होतें तेंच राखतां आलें. कानांत सांगितलेली विद्या चोरास एका रुपयांत मिळते, परंतु ती माझी आहे असें धन्यास कचेरींत दाखवितां येत नाहीं. २००२ च्या जैवविविधता कायद्यानें अशा विद्येच्या नफ्यांत तिच्या धन्यांचा वाटा मान्य केला, आणि गांवोगांव नोंदवही ठेवण्याची सोय झाली. आपल्या गांवची वही पाहिली आहे काय, असें आम्हीं एका सभेंत विचारलें, तेव्हां एकहि हात वर झाला नाहीं.

सांगितल्यानें गुण जात नाहीं, उलट तो सांपडतो, ह्याचें एक उदाहरण परदेशचें आहे. इ. स. १७७५ सालीं इंग्लंडांत विल्यम विदरिंग नांवाच्या डॉक्टरास, अंगास पाणी भरून सूज येण्याच्या रोगावर श्रॉपशायरमधील एका म्हातारीनें बहुत काळ गुप्त ठेविलेला एक नुसखा समजला. त्यांत वीसांहून अधिक पाले होते. खरा गुण फॉक्सग्लव्ह ह्या एकाचाच, हें त्यानें ओळखलें. दहा वर्षें रोग्यांस देऊन १७८५ मध्यें त्यानें पुस्तक छापलें, व त्यांत बरे झालेलेहि रोगी लिहिले आणि न झालेलेहि लिहिले. त्या वनस्पतीची मात्रा थोडी चुकली तर हृदय बंद पडतें. तरी तिच्या कुळांतील झाडाचें औषध हृदयाच्या रोग्यांस अद्याप देतात. म्हातारीचें नांव इतिहासांत राहिलें नाहीं, ही आम्हांस टोंचणारी गोष्ट आहे.

इतक्या लांब जाण्याचीहि गरज नाहीं. आमच्याच नगर शहरांत वैद्यपंचानन गंगाधरशास्त्री गुणे ह्यांनीं १९१७ सालीं आयुर्वेद महाविद्यालय काढलें, आणि औषधींचे गुणदोष सांगणारा औषधिगुणधर्मशास्त्र हा ग्रंथ मराठींत लिहिला, कीं ज्यास अक्षर येतें त्यानें वाचावा. आणि ज्यास अक्षरहि येत नाहीं त्याचें काय, ह्याचें उत्तर जामखेडांत मिळालें. तेथें १९७० सालीं डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हें दांपत्य आलें. त्यांनीं खेड्यांतील बायका निवडल्या, त्यांतील पुष्कळ निरक्षर, कित्येक अस्पृश्य मानलेल्या जातींच्या. आणि जी विद्या डॉक्टर लोक आपल्या कपाटांत ठेवितात ती त्यांस दिली. हगवणीच्या मुलास मीठ-साखरेचें पाणी कसें द्यावें, बाळंतपण कसें करावें, कोणता रोगी घरीं ठेवावा व कोणता इस्पितळांत पाठवावा, हें त्या शिकल्या व शेजारणींस शिकवूं लागल्या. १९७९ सालीं ह्या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळालें. कोणता रोगी पाठवावा, ह्या शेवटल्या धड्यास आम्ही फार मोल देतों. तो आमच्या मावशींस कोणी शिकविला नव्हता.

म्हणून वैद्वास, मावशींस, डबी विकणारास आणि डॉक्टरासहि आमचें मागणें एकच आहे. मेहनतीचा मोबदला घ्या, मुळी कोठून आणली ती जागा पाहिजे तर राखून ठेवा. परंतु रोग्याच्या तोंडांत किंवा नाकांत जें घालतां त्याचें नांव त्यास सांगा, आणि कोणास गुण आला नाहीं तेंहि सांगा. शरीर त्याचें आहे. कारखान्याच्या आयुर्वेदीय औषधाच्या बाटलीवर घटकांचीं नांवें छापावीं लागतात. ओट्यावर बसलेल्या गरिबाचा हक्क बाटली विकत घेणारापेक्षां कमी कां असावा? डॉक्टर लोकहि चिठ्ठीवर न वाचतां येणारीं अक्षरें काढून मौनाचाच नेम पाळतात, पण तो निराळा विषय झाला.

मावशींनीं त्या दिवसानंतर औषध दिलें नाहीं. पुढचे कित्येक रविवार लोक येत राहिले. त्या त्यांस रक्त तपासून घ्या म्हणून सांगत, आणि लोक ‘पाळकसाहेबांनीं मावशींचा गुण घालविला’ असें म्हणत परत जात. आमच्यावर त्या गांवाचा राग दोन वर्षें होता, व तो अगदींच अन्यायाचा होता असें आम्हांस म्हणवत नाहीं. ज्या गांवास दवाखाना दूर, तेथें ओट्यावरचा आधार काढून घेणें ही लहान गोष्ट नव्हे.

आमची बदली झाल्यावर एकदां आम्ही त्यांस भेटावयास गेलों. परसांतील निवडुंगाच्या कुंपणावर देवडांगरीचा वेल तसाच चढलेला होता. नातीनें त्याचें वाळकें काटेरी फळ तोडून हें काय म्हणून विचारलें. मावशींनीं नांव सांगितलें, नाकांत गेलें तर काय होतें तेंहि सांगितलें, आणि हात धुवावयास लाविले. मग आमच्याकडे वळून हळूच म्हणाल्या, “गुण खरंच गेला असंल का हो?”

आम्ही नाहीं म्हणालों. त्यांस तें पटलें असें दिसलें नाहीं.